दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे घरगुती मुद्रण व जतन

दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित होणारा कार्यक्रम प्रेक्षकाने स्वतःच्या घरी चित्र व ध्वनी यांसह नोंदवून ठेवणे आणि पुढे इच्छेनुसार तो पुन्हा पाहणे, या क्रियेस घरगुती मुद्रण म्हणतात. असे मुद्रण दोन हेतूंनी केले जाते. प्रक्षेपणाच्या वेळी पाहणे शक्य नसलेला कार्यक्रम नंतर सोयीने पाहणे हा पहिला हेतू होय. यास कालांतरण म्हणता येईल. आवडलेला वा महत्त्वाचा वाटलेला कार्यक्रम दीर्घकाळ जपून ठेवणे हा दुसरा. हे दोन हेतू वरवर सारखे दिसले, तरी त्यांच्या तांत्रिक गरजा वेगळ्या आहेत. पहिल्यासाठी मुद्रण काही दिवस टिकले तरी पुरते. दुसऱ्यासाठी माध्यम, यंत्र आणि संकेतपद्धती या तिन्ही गोष्टी अनेक वर्षे टिकाव्या लागतात. चुंबकीय फितीच्या काळात एकच साधन दोन्ही हेतू बऱ्यापैकी साधत असे. उच्च-स्पष्टता दूरचित्रवाणीच्या (एचडीच्या) काळात कालांतरण अतिशय सोपे झाले. जतन मात्र पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. [→ दूरचित्रवाणी].

इतिहास : दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळात कार्यक्रम नोंदण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे पडद्यावरील चित्राचे चित्रपटाच्या फिल्मवर छायाचित्रण करणे. १९५६ मध्ये अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने व्यवहारोपयोगी चुंबकीय चित्रमुद्रक तयार केला. त्यात ५.०८ सेंमी. रुंदीची फीत वापरली जाई. हे यंत्र कपाटाएवढे मोठे व फार महाग असल्याने ते केवळ प्रक्षेपण केंद्रांच्याच उपयोगाचे होते. घरगुती वापरासाठी फिलिप्स कंपनीने १९७२ मध्ये फीत डबीत बंद असलेला, ग्राही मंडल व घड्याळ यांसह असलेला मुद्रक बाजारात आणला. त्यानंतर सोनी कंपनीचा बीटामॅक्स (१९७५) व जपान व्हिक्टर कंपनीचा व्हीएचएस (१९७६) हे प्रकार आले. या दोहोंत तीव्र स्पर्धा होऊन व्हीएचएस पद्धती जगभर रूढ झाली. त्या पद्धतीचा मुद्रक भारतात ‘व्हीसीआर’ या नावाने ओळखला जातो.

व्हीसीआरच्या प्रसाराबरोबर चित्रपट निर्मात्यांनी त्यास हरकत घेतली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनी कंपनीविरुद्धच्या खटल्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने निर्णय दिला. कालांतरणासाठी घरी केलेले मुद्रण हा उचित वापर होय आणि त्यासाठी यंत्र विकणारा निर्माता दोषी ठरत नाही, असे त्यात मानले गेले. पुढील काळातील सर्व घरगुती मुद्रकांच्या व्यापारास या निर्णयाचा आधार मिळाला.

अंकीय तंत्राने युक्त व चुंबकीय तबकडीवर मुद्रण करणारे पहिले घरगुती मुद्रक १९९९ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. उच्च-स्पष्टता चित्रांचे घरगुती मुद्रण प्रथम जपानमध्ये शक्य झाले. तेथे १,१२५ रेषांच्या सदृश पद्धतीच्या चित्रासाठी १९९३ मध्ये व्हीएचएसच्याच डबीवर आधारलेली सुधारित फीत निघाली. २००३ मध्ये निळ्या लेसर किरणांनी वाचल्या जाणाऱ्या ब्लू-रे तबकडीचा मुद्रकही तेथेच विक्रीस आला.

फितीवरील मुद्रणाचे तत्त्व : चुंबकीय फितीवर एका मर्यादेपेक्षा लहान तरंगलांबीचे मुद्रण होऊ शकत नाही. फितीवर उमटणारी तरंगलांबी ही फीत व मुद्रण शीर्ष यांच्या सापेक्ष वेगास कंप्रतेने भागले असता मिळते. व्हीएचएसमध्ये चित्रसंकेत सु. ४ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या वाहकावर चढविला जातो व फीत सेकंदास केवळ २.३४ सेंमी. सरकते. शीर्ष स्थिर ठेवल्यास तरंगलांबी मीटरच्या सु. सहा अब्जांश भागाइतकी होईल व तिचे मुद्रण अशक्य ठरेल. म्हणून शीर्षे ६.२ सेंमी. व्यासाच्या तिरप्या पिंपावर बसवून ते पिंप सेकंदास २५ वेळा फिरविले जाते. त्यामुळे सापेक्ष वेग सेकंदास सु. ४.८५ मी. होतो व तरंगलांबी मीटरच्या सु. १.२ दशलक्षांश भागाइतकी, म्हणजे फितीवर सहज उमटणारी, होते. पिंपाच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात फितीवर एक तिरपी पट्टी उमटते आणि प्रत्येक पट्टीत चित्राचे एक क्षेत्र, म्हणजे अर्धे चित्र, सामावते.

या पद्धतीत चित्राच्या तपशिलाचा मोठा भाग गळतो. भारतात स्वीकारलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत चित्रसंकेताचा कंप्रतापट्टा ५ मेगॅहर्ट्‌झ रुंद असतो. व्हीएचएस फितीवर त्यातील सु. ३ मेगॅहर्ट्‌झच उमटतो. शिवाय एका फितीवरून दुसरीवर प्रत काढल्यास प्रत्येक वेळी गोंगाट वाढतो व रंग पसरतात. तिसऱ्या-चौथ्या पिढीची प्रत कशीबशी पाहण्याजोगी उरते. मात्र या फितीचा एक मोठा गुण असा की, ती कोणत्याही व्हीएचएस यंत्रावर चालते. आंबेगावात मुद्रित केलेली फीत मुंबईतील नातेवाइकाच्या यंत्रावर कोणाचीही परवानगी न घेता पाहता येत असे.

भारत व महाराष्ट्र : मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७३ मध्ये सिंहगडावरील अनुक्षेपण केंद्रामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. २५ एप्रिल १९८२ रोजी रंगीत प्रक्षेपणाचा प्रारंभ झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीत भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत संच व चित्रमुद्रक यांची आयात वाढली. तथापि भारतात व्हीसीआरचा मुख्य उपयोग प्रक्षेपित कार्यक्रम नोंदण्यासाठी झाला नाही. भाड्याने आणलेले चित्रपट पाहण्यासाठीच तो अधिक वापरला गेला. अनेक गावांत संच व मुद्रक एका रात्रीपुरते भाड्याने आणून सामुदायिक रीत्या चित्रपट पाहिले जात. प्रक्षेपित कार्यक्रम नोंदणारी घरे थोडी होती. पण रामायण (१९८७–८८) व महाभारत (१९८८–९०) या मालिकांच्या काळात अशा मुद्रणास चालना मिळाली.

खाजगी उपग्रह वाहिन्या १९९० नंतर केबलद्वारे घरोघरी पोहोचल्या. उपग्रहाकडून थेट घरातील आकाशकावर येणारी खाजगी सेवा, म्हणजेच ‘डीटीएच’, २००३ मध्ये सुरू झाली. प्रसार भारतीची निःशुल्क सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तबकडीवर मुद्रण करू शकणारे सेट-टॉप बॉक्स या सेवांबरोबर २००८ पासून मिळू लागले. दूरदर्शनने ऑक्टोबर २०१० मधील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे उच्च-स्पष्टता प्रक्षेपण केले आणि त्या सुमारास खाजगी सेवांनीही अशा वाहिन्या देण्यास सुरुवात केली. मराठीतील स्टार प्रवाह, कलर्स मराठी व झी मराठी या वाहिन्यांची उच्च-स्पष्टता रूपे २०१६ मध्ये सुरू झाली. दरम्यान केबल सेवेचे अंकीकरण टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. मुंबई पहिल्या टप्प्यात (२०१२) तर पुणे दुसऱ्या टप्प्यात (२०१३) आले आणि ग्रामीण भाग शेवटच्या टप्प्यात. दूरदर्शनची सदृश पद्धतीची भूप्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बहुतांशी बंद झाली. त्यामुळे जुन्या व्हीसीआरच्या ग्राही मंडलास थेट ग्रहण करण्याजोगा संकेतच जवळजवळ उरला नाही.

उच्च-स्पष्टता चित्राचे आकारमान : सामान्य अंकीय चित्रात ७२० × ५७६ म्हणजे ४,१४,७२० चित्रबिंदू असतात. पूर्ण उच्च-स्पष्टता चित्रात १,९२० × १,०८० म्हणजे २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. म्हणजेच ते सामान्य चित्राच्या बरोबर पाचपट असतात. प्रत्येक चित्रबिंदूची तेजस्विता व रंग मिळून सरासरी १२ बिट धरल्यास आणि सेकंदास २५ पूर्ण चित्रे घेतल्यास सेकंदास सु. ६२२ दशलक्ष बिट एवढी माहिती होते. एक तासाच्या कार्यक्रमास सु. २८० गिगॅबाइट जागा लागेल. एवढी माहिती घरी साठविणे तर दूरच, उपग्रहावरून पाठविणेही परवडणारे नाही.

यावर उपाय म्हणजे संपीडन होय. लगतच्या चित्रांत बराचसा भाग सारखाच असतो. उदा., बातम्या देणाऱ्या व्यक्तीमागील भिंत क्षणोक्षणी बदलत नाही. म्हणून काही ठराविक चित्रे पूर्ण पाठवून मधल्या चित्रांतील केवळ फरक पाठविला जातो. हलणाऱ्या वस्तूचा चित्रातील ठोकळा कोठून कोठे सरकला हेच फक्त सांगितले जाते. शिवाय डोळ्यास न जाणवणारे बारीक तपशील गाळले जातात. या पद्धतींनी प्रवाह सेकंदास सु. ८ दशलक्ष बिटांपर्यंत खाली आणता येतो आणि एका तासास ३.६ गिगॅबाइट पुरतात. ५०० गिगॅबाइट क्षमतेच्या तबकडीवर या हिशोबाने सु. १३८ तासांचे कार्यक्रम मावतात. आठवड्यातून सहा दिवस अर्धा तास दाखविली जाणारी एक मालिका वर्षभर पूर्ण नोंदविल्यास सु. १५६ तास होतात. म्हणजे एका मालिकेच्या एका वर्षासही ही तबकडी पुरत नाही. म्हणूनच मुद्रक भरला की जुने पुसून नवे नोंदण्याची सवय बहुतेक घरांत पडते.

तबकडीवरील मुद्रण : अंकीय मुद्रकात चुंबकीय तबकडी म्हणजेच हार्ड डिस्क असते. मुद्रक उपग्रहाकडून वा केबलमधून आलेला संपीडित प्रवाह जसाच्या तसा तबकडीवर लिहितो. त्याचे चित्रात रूपांतर करून पुन्हा संपीडन करीत नाही. परिणामी मुद्रित कार्यक्रम प्रत्यक्ष प्रक्षेपणाइतकाच स्पष्ट दिसतो आणि कितीही वेळा पाहिला तरी त्याची प्रत घसरत नाही. या बाबतीत अंकीय मुद्रण फितीपेक्षा निर्विवाद श्रेष्ठ आहे.

तबकडीवर कोठेही क्षणार्धात पोहोचता येत असल्याने एकाच वेळी लिहिणे व वाचणे शक्य होते. चालू कार्यक्रम थांबविण्याची सोय यावरच आधारलेली आहे. तबकडीचा काही भाग वर्तुळाकार नोंदवहीसारखा वापरला जातो. येणारा प्रवाह त्यात सतत लिहिला जातो व सर्वांत जुना भाग पुसला जातो. प्रेक्षकाने चित्र थांबविले तरी लेखन चालूच राहते आणि पुन्हा सुरू केल्यावर प्रेक्षक मूळ प्रक्षेपणाच्या काही मिनिटे मागे राहून पाहतो. मुद्रकात दोन ग्राही मंडले असल्यास एक वाहिनी पाहत असता दुसरी नोंदता येते. प्रवाहाबरोबर येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवरून एखाद्या मालिकेचे सर्व भाग आपोआप नोंदविण्याची सूचनाही देता येते. जलद पुढे नेताना मुद्रक केवळ पूर्ण पाठविलेली चित्रेच दाखवितो. त्यामुळे चित्र फितीप्रमाणे सलग न पळता टप्प्याटप्प्याने उड्या घेताना दिसते.

ग्रहण व भूप्रदेश : मुद्रणाचा दर्जा ग्रहणाच्या दर्जावर अवलंबून असतो आणि ग्रहण भूप्रदेशावर. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे तालुके याचे चांगले उदाहरण आहेत. या परिसरात सह्याद्रीच्या सोंडा पूर्वेकडे उतरत गेल्या असून त्यांच्यामध्ये कुकडी, मीना व घोड या नद्यांची खोरी आहेत. हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव असलेले महाळुंगे पडवळ हे आंबेगाव तालुक्यातील गाव सिंहगडापासून सरळ रेषेत सत्तर किमी.हून अधिक दूर आहे. भूप्रक्षेपणाचे तरंग जवळजवळ क्षितिजसमांतर येत असल्याने अशा अंतरावर त्यांची तीव्रता घटते आणि वाटेत डोंगर आल्यास आणखी क्षीण होते. डोंगराच्या आड असलेल्या वस्त्यांना उंच खांबावरील आकाशक व विवर्धक यांचा आधार घ्यावा लागे. क्षीण संकेताचे चित्र गारा पडल्यासारखे ठिपक्यांनी भरलेले दिसते व फितीवर ते ठिपक्यांसहच उमटते.

उपग्रहाकडून येणारे तरंग मात्र वेगळ्या दिशेने येतात. भारतीय डीटीएच सेवांचे अनेक उपग्रह विषुववृत्ताच्या वर पूर्व रेखांश ८३° ते ९३.५° या दरम्यान आहेत. या परिसरातून ते दक्षिण व आग्नेय यांच्या दरम्यान, क्षितिजापासून सु. ५८ ते ६५ अंश उंचीवर असतात. एवढ्या तीव्र चढाच्या कोनात डोंगर सहसा आड येत नाही. म्हणून ज्या खोऱ्यात सिंहगडाचे चित्र अंधूक येई, तेथेही लहान आकाशकावर शहराइतकेच स्पष्ट चित्र मिळू शकते.

याच परिसरात, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे, भारताचे विक्रम उपग्रह भूकेंद्र १९७०–८० या दशकाच्या आरंभी कार्यान्वित झाले. हिंदी महासागरावरील आंतरराष्ट्रीय दळणवळण उपग्रहाशी संपर्क साधणाऱ्या त्याच्या थाळीच्या आकाराच्या आकाशकाचा व्यास सु. ३० मी. होता. घराच्या छपरावरील डीटीएच आकाशकाचा व्यास सु. ६० सेंमी. असतो. व्यासातील या पन्नासपट फरकाची कारणे प्रामुख्याने तीन आहेत. जुन्या उपग्रहांची प्रेषणशक्ती अल्प होती. ती शक्ती गोलार्धाच्या मोठ्या भागावर पसरलेली असे. शिवाय ४ गिगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या कंप्रतेस तेवढाच झोत मिळविण्यासाठी मोठा आकाशक लागतो. डीटीएच उपग्रह ११ ते १२ गिगॅहर्ट्‌झच्या आसपास, अधिक शक्तीने व फक्त एका देशावर प्रेषण करतात.

उच्च कंप्रतेचा तोटा पावसाळ्यात दिसतो. पावसाच्या थेंबांचा आकार या तरंगांच्या तरंगलांबीशी तुलनीय होत असल्याने जोरदार सरीत संकेत शोषला व विखुरला जातो. सदृश चित्र अशा वेळी हळूहळू बिघडत जाते. अंकीय चित्र मात्र ठराविक मर्यादेपर्यंत निर्दोष राहते, नंतर त्यात चौकोन उमटतात व अखेर ते पूर्ण थांबते. मुद्रण चालू असता असे झाल्यास तेवढा भाग कायमचा गहाळ होतो.

साठवणीची माध्यमे : घरगुती मुद्रणासाठी वापरलेल्या माध्यमांत चुंबकीय फीत, प्रकाशीय तबकडी, चुंबकीय तबकडी व अर्धसंवाहक स्मृती ही प्रमुख होत. फितीवरील चुंबकीय चूर्ण धरून ठेवणारा बंधक दमट हवेत हळूहळू विघटित होऊन चिकट बनतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात आणि घाटमाथ्याच्या पावसाळ्यात फितीवर बुरशीही धरते. फीत सुस्थितीत असली तरी यंत्र मिळणे दुरापास्त झाले आहे. कारण जगातील व्हीसीआरचे अखेरचे उत्पादन २०१६ मध्ये थांबले.

प्रकाशीय तबकड्यांपैकी साध्या डीव्हीडीवर ४.७ गिगॅबाइट माहिती मावते. वर दिलेल्या प्रवाहाने तिच्यावर सव्वा तासाहून थोडा अधिक उच्च-स्पष्टता कार्यक्रम बसतो. ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगॅबाइट, म्हणजे सु. सात तासांचा कार्यक्रम मावतो. तथापि भारतात ब्लू-रे मुद्रकांचा प्रसार झाला नाही आणि सोनी कंपनीने लेखनक्षम ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन २०२५ मध्ये बंद केले. चुंबकीय तबकडी स्वस्त व मोठ्या क्षमतेची आहे; पण तिच्यात फिरणारे भाग असल्याने ती पूर्वसूचनेशिवाय निकामी होऊ शकते. पेन ड्राइव्हसारख्या स्मृतीत विद्युत् भाराच्या रूपाने माहिती साठविली जाते व हा भार दीर्घकाळात गळतो. यांपैकी कोणतेही माध्यम पिढ्यान् पिढ्या टिकणारे नाही. म्हणून अंकीय जतनाचा मूलभूत नियम असा की, माध्यम टिकविण्यापेक्षा माहिती वेळोवेळी नव्या माध्यमावर उतरवून घ्यावी आणि किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. अंकीय प्रतीत पिढीगणिक घट होत नसल्याने हे कितीही वेळा करता येते, परंतु प्रत काढणे शक्य असेल तरच.

गूढसंकेतन : सशुल्क वाहिन्यांचा प्रवाह गूढसंकेतांत पाठविला जातो व वर्गणीदाराच्या बॉक्समधील पत्रात वा मंडलात असलेल्या किल्लीने तो उलगडतो. मुद्रित कार्यक्रमही तबकडीवर सामान्यतः गूढसंकेतांतच राहतो आणि त्याची किल्ली त्या विशिष्ट बॉक्सशी जोडलेली असते. अशी तबकडी काढून संगणकास वा दुसऱ्या बॉक्सला जोडली, तरी तीवरील कार्यक्रम दिसत नाही. बॉक्स बिघडून बदलून घेतल्यास आधीचे मुद्रण निरुपयोगी होते आणि वर्गणी संपल्यावर मुद्रित कार्यक्रम पाहता येईलच असे नाही. बॉक्सपासून संचापर्यंत जाणाऱ्या अंकीय तारेतील संकेतही गूढ केलेला असतो. त्यामुळे तेथून थेट प्रत घेता येत नाही. फितीच्या काळात मुद्रण हे प्रेक्षकाच्या कपाटातील वस्तू होती. उच्च-स्पष्टता मुद्रण हे सेवेसोबत मिळालेली, सेवा असेपर्यंतची सवलत ठरते. निःशुल्क व गूढसंकेत नसलेल्या वाहिन्यांची गोष्ट निराळी आहे. योग्य ग्राही पत्रक बसविलेल्या संगणकावर त्यांचा प्रवाह सर्वमान्य स्वरूपातील धारिका म्हणून साठविता येतो आणि अशी धारिका पुढे कोणत्याही यंत्रावर उघडता येते.

महाजालावरून मागणीनुसार कार्यक्रम पुरविणाऱ्या सेवा २०१५ नंतर भारतात वाढल्या. त्यांमुळे कालांतरणासाठी मुद्रणाची गरज बरीच कमी झाली. मात्र अशा सेवेतील कार्यक्रम हक्कांची मुदत संपल्यावर वा व्यापारी कारणाने काढून टाकला जाऊ शकतो. जतनाची गरज त्या सेवा भागवीत नाहीत.

कायदा : भारतातील प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ अन्वये प्रक्षेपण संस्थेस प्रक्षेपणाच्या पुनरुत्पादनाचा २५ वर्षे मुदतीचा स्वतंत्र हक्क आहे. तथापि कलम ३९ नुसार मुद्रण करणाऱ्याने स्वतःच्या उपयोगासाठी, अथवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठी केलेले मुद्रण या हक्काचा भंग ठरत नाही. कलम ५२ मध्ये खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या उचित वापरास संरक्षण आहे. असे मुद्रण विकणे, भाड्याने देणे अथवा हॉटेल, बस वा मंडप यांत सार्वजनिक रीत्या दाखविणे मात्र या संरक्षणात बसत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६५ अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणे दंडनीय आहे. अधिनियमाने स्पष्टपणे न वर्जिलेल्या प्रयोजनांस त्यातून वगळले आहे. म्हणजे कायदा वैयक्तिक मुद्रणास वाव देतो, पण तांत्रिक रचना तो वाव प्रत्यक्षात अरुंद करते.

जतनाचे महत्त्व : प्रक्षेपण संस्थांनी स्वतःचे कार्यक्रम जपले असतील, ही समजूत इतिहासाने खोटी ठरविली आहे. चुंबकीय फीत महाग असल्याने आरंभीच्या दशकांत ती पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगभर होती. ब्रिटनमधील बीबीसीचे व भारतातील दूरदर्शनचेही अनेक जुने कार्यक्रम अशा रीतीने नष्ट झाले. बीबीसीच्या डॉक्टर हू या मालिकेच्या हरवलेल्या भागांचा ध्वनी आज ऐकता येतो, तो प्रेक्षकांनी घरी केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळेच. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे मॅरिअन स्टोक्स या ग्रंथपाल बाईंनी २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ बातम्यांचे अखंड मुद्रण केले. त्यांनी मागे ठेवलेल्या सु. ७०,००० फिती हा दूरचित्रवाणीच्या इतिहासाचा अमोल साठा मानला जातो.

भारतात छापील पुस्तके व वृत्तपत्रे यांच्या प्रती ठराविक ग्रंथालयांना देणे १९५४ च्या अधिनियमाने प्रकाशकांवर बंधनकारक आहे. दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी असा कायदा नाही. वाहिन्यांनी प्रक्षेपित मजकुराची नोंद ९० दिवस ठेवावी, एवढीच अट शासकीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि तिचा हेतू तक्रारनिवारणाचा आहे, जतनाचा नव्हे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) हे मुख्यतः चित्रपटांसाठी आहे. याउलट फ्रान्सने १९९२ मध्ये नभोवाणी व दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या अनिवार्य निक्षेपाचा कायदा केला.

या परिस्थितीत घरगुती मुद्रणास कौटुंबिक करमणुकीपलीकडचे मोल येते. जुन्नर-आंबेगावचेच उदाहरण घेतल्यास, नारायणगाव हे तमाशा फडांचे प्रमुख केंद्र आहे आणि परिसरातील अनेक कुटुंबे कामधंद्यानिमित्त मुंबईत स्थायिक झाली आहेत. गावच्या कलावंताचा कार्यक्रम, यात्रेचे वृत्त वा बोलीतील मुलाखत दूरचित्रवाणीवर एकदाच दिसते व वाहिनीच्या दृष्टीने तिचे पुनःप्रक्षेपणाचे मूल्य शून्य असते. ती कोणाच्या घरी नोंदली गेली, तरच उरते. पुढील अभ्यासकास तिचा उपयोग व्हावा यासाठी वाहिनी, दिनांक, वेळ व सहभागी व्यक्ती यांची नोंद मुद्रणाबरोबर ठेवणे आवश्यक असते; नोंदीविना मुद्रण ओळखता येत नाही. जुन्या व्हीएचएस फिती चालू यंत्र उपलब्ध आहे तोवर अंकीय स्वरूपात उतरवून घेणे निकडीचे आहे. गूढसंकेतांतील मुद्रणाच्या बाबतीत व्यक्तीचा उपाय अपुरा पडतो. तेथे अनिवार्य निक्षेपाची व्यवस्था, किंवा ग्रंथालये व विद्यापीठे यांना संशोधनासाठी प्रक्षेपण नोंदण्याची सोय, हाच मार्ग उरतो. कलम ३९ मधील अध्यापन व संशोधनविषयक तरतूद अशा सोयीस कायदेशीर पाया पुरवू शकते.